टाचेवरचा केळीचा डाग

वसईजवळच्या निर्मळच्या दिनानाथभाऊंना पांढऱ्या शर्टात कुणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर तपकिरी डाग होता, हे मथुरावहिनी अजून सांगतात, आणि काल लग्न झाल्यासारख्या रागानं सांगतात. डाग केळीच्या चिकाचा. केळ्यांचं लोंगर कापलं की देठातून पाण्यासारखा चीक गळतो. त्या वेळी काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी कपडा काळा पडलेला असतो. मग साबण लावा, लिंबू लावा, नाहीतर देवाला नवस बोला, तो जात नाही. भाऊंच्या घरात टॉवेल, उश्यांचे अभ्रे, पडदे, सगळ्यांवर ती नक्षी आहे. "केळीचा डाग आणि माझा शब्द," भाऊ म्हणायचे, "एकदा पडला की पडला." यातलं शब्दाचं वहिनींना फारसं मान्य नव्हतं, पण डागाचं मान्य होतं.

वय चौसष्ट. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र तीन वाड्या पलीकडे जाणारा. बागेत राजेळी केळी, थोडी वेलची केळी, कडेनं जास्वंद आणि अळू. राजेळीची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, करावीत ती भाऊंनीच, असं कार्तिकातल्या जत्रेला येणारे लोक म्हणतात, आणि लोक विसरले तर भाऊ स्वतः म्हणतात. बागेत ते अनवाणीच. चप्पल घालून केळीत फिरणारा माणूस त्यांच्या लेखी बागायतदार नव्हे, पाहुणा. पन्नास वर्षं त्या चिकट, ओल्या मातीत पाय रोवून काढलेली, तेव्हा तळव्यांना भेगा, घट्टे, डाग असणारच की!

उजव्या टाचेवरचा डाग त्यातलाच एक. आधी चिंचोक्याएवढा होता, मग रुपयाएवढा झाला. वहिनींनी दोन-चारदा वज्रीनं घासून पाहिला. गेला नाही. दुखत नव्हता, खाजत नव्हता. "न दुखणाऱ्या गोष्टीला घासायचं कशाला?" भाऊ म्हणाले आणि विषय संपला. दोन वर्षं संपलेलाच राहिला.

त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश अंधेरीला विमा कंपनीत नोकरीला. त्यानं पोरगी पसंत केली ती विरारची, फुलपाड्याची, क्षितिजा नावाची. वडील मूळचे राजापूरकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले. आणि पोरगी मुंबईतल्या एका कॅन्सर इस्पितळाला जोडून असलेल्या प्रयोगशाळेत कातडीवर संशोधन करत होती. हे ऐकून भाऊ इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"कातडीत शिकण्यासारखं काय असतं रे? सोललं की संपलं!"

"बाबा, तिच्यासमोर असलं काही बोलू नका," सिद्धेश म्हणाला.

"बोलणार. तिलाच विचारणार."

संक्रांतीनंतरच्या रविवारी क्षितिजा आणि तिचे आईवडील निर्मळला आले. वहिनींनी ओटीचं ताट तयार करून देव्हाऱ्याशी ठेवलं होतं: खण, नारळ, तांदूळ. सगळं जमलं की त्याच दिवशी सुपारी फोडायची, असं मनात होतं. भाऊ झोपाळ्यावर बसले होते, डावा पाय खाली आणि उजवा मांडीवर चढवलेला, तळवा सगळ्या जगाला दाखवत. वहिनींनी डोळ्यांनी तीनदा दटावलं. पाहुण्यांसमोर असं बसतात का? पण ऐकतील तर ते भाऊ कसले! आज वहिनी म्हणतात, देवा, बरं झालं नाही ऐकलं.

क्षितिजानं आधी वहिनींना नमस्कार केला, मग भाऊंपुढे वाकली. वाकली ती वाकलेलीच राहिली. वहिनींना वाटलं, काय संस्कार आहेत मुलीवर! पण पोरीचं लक्ष देवाधर्मात नव्हतं. ती उजव्या टाचेकडे बघत होती.

"औक्षवंत हो. ऊठ आता," भाऊ म्हणाले.

"काका, हा डाग कधीपासून आहे?"

"हा होय? केळीचा आहे. या घरात सगळ्यांना आहेत. उद्या तुलाही पडतील."

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं बोटाच्या टोकानं डागाची कड चाचपली.

"पण कधीपासून?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"मग हा केळीचा नाही, काका."

आता बोला! निर्मळमध्ये उभं राहून, दिनानाथभाऊंच्या ओटीवर, विरारच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली पोर सांगते की हा डाग केळीचा नाही. भाऊंच्या भुवया वर गेल्या. पण ती जमिनीवरच बसली आणि शाळेतल्या बाईंसारखी समजावू लागली.

"कपडा मेलेला असतो ना, त्याच्यावरचा डाग जाणार कुठे? पण कातडी जिवंत आहे. तिच्या तळाशी मूळ पेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्यांना. त्या रोज नवी कातडी तयार करून वर ढकलतात आणि वरची जुनी झडून जाते. महिना-दीड महिन्यात तळव्याची वरची कातडी सगळी बदलते. चीक वरच्या कातडीला लागतो, तो तिच्याबरोबर जायला हवा. दोन वर्षं टिकला, म्हणजे तो वरून पडलेला नाही. खालून येतोय."

"खालून म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, काकू. त्यातल्या काही बिघडल्या असतील. नसतीलही. पण उद्याच्या उद्या दाखवायला हवं."

"बिघडल्या म्हणजे कसला रोग?"

पोरीनं आपल्या आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच नको म्हटलं. पण या एका बाबतीत तिला खोटं बोलता येईना.

"कॅन्सर असू शकतो," ती म्हणाली.

मग क्षितिजाचे वडील माफी मागू लागले, सिद्धेश पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला, आणि वहिनींनी देव्हाऱ्याशी ठेवलेलं ते ताट उचलून जे आत नेलं ते बाहेर आणलंच नाही. पाहुणे चहा अर्धा टाकून निघाले.

"पहिल्याच पावलाला घरधन्याच्या पायावर बोट ठेवून कॅन्सर म्हणाली!" वहिनी संध्याकाळभर धुमसत होत्या. "ही कसली जीभ म्हणायची?"

भाऊंना जिभेचं काही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. रोगाची भीती त्यांना अजून शिवलीच नव्हती. पन्नास वर्षं केळीत घालवल्यावर काल आलेली पोर आपल्याला केळीचा डाग शिकवते, हे काही केल्या पचत नव्हतं. सिद्धेश रोज विनवत होता, मग भांडू लागला, शेवटी त्यानं बापाशी बोलणंच सोडलं. क्षितिजाचा त्याच्या फोनवर रोज एकच निरोप यायचा: काकांना सांग, थांबू नका. भाऊ ढिम्म.

शेजारच्या वाडीतला स्टॅनी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. स्टॅनी पानवेल लावायचा आणि तोंडात पानाबरोबर कायम एक टोमणा ठेवायचा. त्याला सगळी हकीकत कळली तेव्हा तो म्हणाला, "एवढं काय त्यात? डाव्या टाचेला ताजा चीक लाव. दीड महिन्यात गेला तर पोरगी खरी. राहिला तर तू खरा."

त्यानं चेष्टेत म्हटलं. भाऊंनी मनावर घेतलं. त्याच दुपारी राजेळीचं लोंगर उतरवलं, देठाचा चीक डाव्या टाचेला तीनदा लावला आणि उन्हात पाय धरून दोघे म्हातारे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी डावी टाच अशी काळीभोर झाली की भाऊंनी बांधावरूनच हाक मारली, "स्टॅनी, ये बघ! जुळी भावंडं!" वहिनींना अर्थातच यातलं काही सांगितलं नाही.

रोज आंघोळीआधी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, काठच्या दगडावर बसून भाऊ दोन्ही टाचा पाहायचे. बावखलातलं पाणी थंड, दगड गुळगुळीत, डोक्यावर नारळाची सावली. एरवी ही त्यांची दिवसातली सगळ्यात सुखाची जागा. नवव्या दिवशी डावा डाग किंचित उतरला. पाणी जास्त लागलं असेल, भाऊंनी स्वतःला सांगितलं. पंधराव्या दिवशी तो चहा सांडल्याएवढाच उरला. आज ऊन नीट पडलं नाहीये, म्हणून तसं दिसतंय. एकोणिसाव्या दिवशी डाव्या टाचेवर काहीच नव्हतं. भेगा होत्या, घट्टा होता, पण डाग नव्हता.

भाऊंनी खिशातला चष्मा काढला आणि उजवी टाच पहिल्यांदाच नीट पाहिली. रंग एक नव्हता. मध्ये काळा, एका बाजूनं निळसर, आणि कड अशी की शाई टीपकागदावर फुटावी. भाऊ घाबरले. खरंच घाबरले. मथुरेचं कसं होईल, एवढं एकच त्यांच्या मनात आलं. आपल्या हट्टापायी आपण एकोणीस दिवस दगडावर बसून घालवले, हे त्यानंतर आलं.

स्टॅनी आला. त्यानंही दोन्ही टाचा पाहिल्या. त्या दिवशी त्याच्या तोंडात टोमणा नव्हता.

"हरलास तू," तो हळूच म्हणाला. "पोरीला फोन कर."

"जिंकलो असतो तर बरं झालं असतं रे," भाऊ म्हणाले.

तिथल्या तिथे त्यांनी फोन लावला. "पोरी, मी निर्मळचा दिनानाथ. डावा गेला."

तिला काही कळेना. मग भाऊंनी चिकाची सगळी गोष्ट सांगितली. आणि मग ती जी बरसली! एकोणीस दिवस, काका? तुम्हाला काही कळतं का? एकोणीस दिवस? भाऊ मुकाट्यानं ऐकत राहिले. आयुष्यात त्यांना इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. परक्याला माणूस इतकं ओरडत नाही.

"उद्या सकाळी आठ वाजता," शेवटी ती म्हणाली. "मी इस्पितळाच्या गेटवर उभी असेन."

वहिनींना सांगायला भाऊंनी शब्द वापरलेच नाहीत. जाऊन दोन्ही तळवे दाखवले. वहिनी बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी येणार."

स्टॅनीनं आपली गाडी काढली. गेटवर क्षितिजा उभी होती, सांगितल्याप्रमाणे. वहिनी तिच्याशी बोलल्या नाहीत. त्या पोरीच्या बोलण्यानंच हे सगळं ओढवलं, असं त्यांच्या मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं. बुद्धीला पटत नव्हतं, पण भीती बुद्धीचं ऐकते कुठे! क्षितिजानं ते ओळखलं असावं. ती पुढे चालत राहिली, खिडक्या दाखवत, कागद भरत.

टाचेचा बारीकसा तुकडा काढून तपासला. मेलानोमा निघाला, रंगाच्या पेशींचा कॅन्सर. खोली एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी घाई न करता समजावलं. टाचेवरची ती सगळी कातडी काढावी लागेल. मांडीची कातडी घेऊन तिथे बसवायची. आणि जांघेतली एक गाठ काढून तपासायची. ती गाठ स्वच्छ निघाली तर रोग टाचेतच थांबलेला आहे असं धरायचं. नाही निघाली तर पुढचा रस्ता लांबचा आहे. भाऊंनी बाकी सगळं विसरून ती गाठ तेवढी लक्षात ठेवली.

ऑपरेशन झालं. भाऊ पाय उशीवर ठेवून पडले, आणि घरातली सगळी गाठीच्या रिपोर्टची वाट पाहू लागली. बारा दिवस! पन्नास वर्षांत जो माणूस बारा तास एका जागी पडला नव्हता, त्याला बारा दिवस. पण भाऊंचं काहीतरी बदललं होतं. पट्टी बदलणाऱ्या सिस्टरला ते म्हणायचे, बाई, तुमचा हात हलका आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सुकेळी द्यायचे. स्टॅनी रोज त्यांच्या बागेला पाणी देऊन फोनवर कळवायचा, आणि फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ छताकडे बघत म्हणायचे, "काय माणसं दिलीयत देवानं."

क्षितिजा रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून उतरून वॉर्डात यायची. लग्नाचा विषय कुणी काढत नव्हतं, तीही नाही. यायची, कागद बघायची, काकांशी दोन शब्द बोलायची. एकदा वहिनींनी पाहिलं, तर ती खिडकीशी उभ्या उभ्या डबा खात होती. सकाळचा डबा, संध्याकाळी साडेसहाला. वहिनींना राहवलं नाही.

"बसून खा," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांतले पहिले शब्द. मग स्टूल सरकवलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "तू दिवसभर त्या पेशींचं करतेस तरी काय गं?"

क्षितिजा घास गिळून म्हणाली, "काकू, रंगाच्या पेशींच्याही मूळ पेशी असतात. तळव्यात त्या कुठे राहतात, ते आम्ही शोधतो. घाम येतो ना, त्या घामाच्या ग्रंथींच्या तळाशी त्या असतात असं दिसतंय. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या असतात. मग एखादी का उठते आणि का बहकते, ते कळत नाही. जगात बहुतेक अभ्यास उन्हानं भाजणाऱ्या गोऱ्या कातडीवर झालाय. आपल्यासारख्यांना हा रोग होतो तो तळव्यांना, नखाखाली, जिथे कुणी बघतच नाही."

"आणि आता यांच्या टाचेला मांडीची कातडी लावलीय, ती धरेल कशी?"

"तिच्यातल्या मूळ पेशींच्या जोरावर."

"म्हणजे मारणाऱ्या त्याच आणि तारणाऱ्याही त्याच?"

"त्याच नाहीत. चुलत बहिणी म्हणा."

"भाऊबंदकी मग," वहिनी म्हणाल्या. खाटेवर डोळे मिटून पडलेले भाऊ फिसकन हसले. क्षितिजाही हसली, आणि तिचं हसणं बघून वहिनींचं तोंड जरासं सैल झालं.

तेराव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरांच्या खोलीत भाऊ कुबड्या टेकून बसले, शेजारी वहिनी. सिद्धेश आणि क्षितिजा औषधांच्या रांगेत होते.

"गाठ स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे रोग पुढे गेलेला नाही. तीन-तीन महिन्यांनी तपासायला यायचं, आणि हे बरीच वर्षं चालेल. चुकवायचं नाही. पण वेळेत आलात तुम्ही. आणखी एक वर्ष काढलं असतंत, तर हे मी बोलू शकलो नसतो."

भाऊ रडले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना हात जोडले, बराच वेळ जोडून ठेवले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दोघं बाहेर बाकावर येऊन बसली.

तेवढ्यात कॅरल नावाची एक मुलगी पुठ्ठ्याला अडकवलेला फॉर्म घेऊन आली. संशोधनासाठी रुग्णांची संमती घेणं हे तिचं काम. वसईचीच निघाली, त्यामुळे बोलणं सोपं झालं. तपासण्या आटोपल्यावर टाचेचा थोडा तुकडा शिल्लक आहे, तो प्रयोगशाळेला दिला तर चालेल का, असं तिनं विचारलं.

"त्याचा मला काय उपयोग?" भाऊंनी विचारलं.

"तुम्हाला काहीच नाही, अंकल. खरं सांगते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी कुणाला झाला तर झाला."

"घ्या, घ्या. मला तो तुकडा परत नकोच आहे!"

कॅरल हसली आणि एकेक प्रश्न वाचू लागली. नाव, वय, गाव. नमुन्यावर नाव नसेल, फक्त आकडा असेल, चालेल? चालेल. कधीही नाही म्हणता येईल, कळलं? कळलं. मग सहावा प्रश्न आला.

"आपले कुणी नातेवाईक या प्रयोगशाळेत काम करतात का?"

भाऊंना खोटं लिहायचं नव्हतं. पण खरं काय होतं? सुपारी फुटली नव्हती. ताट आत गेलं होतं. या घरात त्या गोष्टीला हो म्हणायचा हक्क आता एकाच माणसाचा होता, आणि भाऊंनी त्या माणसाकडे पाहिलं.

वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"हो लिही," त्या म्हणाल्या.

"नातं?"

"सून."

कॅरलचं पेन थांबलं. "क्षितिजा? मग आंटी, नियम असा आहे की तिला तुमच्या नमुन्यावर काम करता येणार नाही. दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे दुसऱ्याला," वहिनी म्हणाल्या. "सून आहे म्हटलं ना. लिही."

आणि गाठ स्वच्छ आहे ऐकून न रडलेले दिनानाथभाऊ तिथे बाकावर ढसाढसा रडायला लागले. जीव वाचला त्याचं रडू, एकोणीस दिवसांचं रडू, बायकोच्या त्या एका शब्दाचं रडू, सगळं एकदम आलं.

जिन्यावरून क्षितिजा आणि सिद्धेश वर येत होते. काकांना रडताना पाहून क्षितिजा जागीच थांबली. हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

"काकू, रिपोर्ट...?"

"रिपोर्ट छान आहे गं," वहिनी म्हणाल्या. "हा माणूस फॉर्म भरताना रडतो. बघ, वाच तूच."

क्षितिजानं फॉर्म घेतला, वरून वाचत आली आणि सहाव्या प्रश्नाशी थांबली. तिनं तो पुन्हा वाचला. सिद्धेश तिच्या खांद्यावरून डोकावून बघत होता.

"काकू, पण हे..." ती म्हणाली. "हे अजून ठरलेलं नाहीये ना."

"मग खोडू?" वहिनींनी हात पुढे केला.

क्षितिजानं दोन्ही हातांनी फॉर्म पाठीमागे लपवला.